फळ्यावरची माणसं : दिवंगत बास्केटबॉलपटूंच्या स्मरणफळ्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिळकवाडीत आम्ही रोज संध्याकाळी जिथे खेळतो, त्या मैदानाच्या कंपाउंडला आतल्या बाजूने एक लाकडी फळा टांगलेला आहे. एका बंद पडलेल्या शाळेच्या भंगारातून तो आणला. ज्या व्यावसायिक बास्केटबॉलपटूची पुण्यतिथी जवळ आली असेल, त्याच्याबद्दल दहा-बारा ओळी मी त्यावर खडूने लिहितो. मुलं विचारतात, मुलांचे आईबाप त्याहून जास्त विचारतात, आणि मैदानात फक्त फिरायला येणारे सगळ्यात जास्त. तीच तीच उत्तरं देऊन तोंड दुखलं, म्हणून हे एकदा लिहून टाकतो.

बेळगावात बसून अमेरिकेतल्या मेलेल्या माणसांचं सुतक कशाला?

सुतक कुणी पाळत नाही. आपल्याकडे कुठल्याही तालमीत जा. मारुतीच्या शेजारी जुन्या वस्तादांचे फोटो असतात, आणि पोरगं मातीत उतरायच्या आधी त्यांच्याकडे बघून हात जोडतं. त्या वस्तादाला त्याने कधी पाहिलेलंही नसतं. बास्केटबॉलला वस्ताद नव्हते असं थोडंच आहे? फक्त ते स्प्रिंगफील्ड, बॉस्टन, फिलाडेल्फिया असल्या गावांत होऊन गेले.

शिवाय त्यांच्या खुणा आपल्या मैदानावर आहेतच. आमची रिंग उद्यमबागेत वेल्डिंग करून आणलेली आहे. ती लावताना वेल्डर म्हणाला, "अण्णा, दहा फूटच कशाला? नऊ करूया की, पोरांस्नी बरं पडंल." दहा फूट, कारण डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नाइस्मिथ या मास्तरांनी जिमखान्याच्या गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या, आणि तो कठडा दहा फुटांवर होता. एवढंच कारण.

रिंगखालच्या चौकटीचं आणखी मजेदार आहे. हल्ला करणाऱ्या संघाच्या खेळाडूला तिच्यात तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, आणि ती पूर्वी फक्त सहा फूट रुंद होती. जॉर्ज मायकन नावाचा सहा फूट दहा इंचांचा, चष्मा लावणारा खेळाडू तिच्या कडेला उभा राहायचा आणि नुसता वळून बॉल आत टाकायचा. कुणाचं काही चालेना, म्हणून १९५१ मध्ये चौकट बारा फूट केली. मग विल्ट चेंबरलेन आला, त्याला बाराही कमी पडले, म्हणून १९६४ मध्ये सोळा. आपण खेळतो तो आंतरराष्ट्रीय नियम वेगळा होता. त्यात चौकट घागऱ्यासारखी खाली पसरट असायची. २०१० मध्ये तीही सरळ झाली, चार मीटर नव्वद सेंटीमीटर, म्हणजे तेच सोळा फूट. आमच्या सिमेंटवर जुना घागरा अजून पुसट दिसतो. मायकन २००५ मध्ये गेला, चेंबरलेन १९९९ मध्ये, आणि आम्ही दर दिवाळीच्या सुट्टीत ब्रश घेऊन त्यांचीच रेघ रंगवतो.

कुणाचं नाव लिहायचं ते कसं ठरवता?

माझ्या मर्जीने. फळा मी पुसतो, खडू मी आणतो.

एक नियम मात्र मी स्वतःला घालून घेतला आहे. आकड्यांची माळ लावायची नाही. 'इतके गुण, इतके रिबाउंड, इतके चषक' असं लिहिलं की पोरं वाचून पुढे जातात. त्यापेक्षा त्या माणसाची एकच गोष्ट लिहायची, डोळ्यासमोर उभी राहील अशी. जेरी वेस्टबद्दल (१२ जून २०२४ रोजी ८६व्या वर्षी गेला) मी एवढंच लिहिलं होतं : 'अंतिम मालिका हरूनही तिचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस. १९६९.' आठवडाभर पोरं विचारत होती, हरलेल्याला बक्षीस कसं काय दिलं?

नाव लिहायच्या आधी माणूस गेला याची खात्री करता का?

आता करतो.

मागे एकदा रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर फोटो आला, खाली मेणबत्ती, कोपऱ्यात जन्म आणि मृत्यूची साल. माझ्या तरुणपणीचा आवडता खेळाडू. गळा दाटून आला, आणि त्याच भरात सकाळी सहाला मैदानावर जाऊन फळा भरून लिहिलं. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', दोन्ही बाजूंना फुलं काढली. सात वाजता अकरावीतला एक मुलगा मोबाइल घेऊन आला. "मामा, हे काल रात्री मुलाखत देऊलालेत बघा." गृहस्थ पडद्यावर ठणठणीत हसत होते.

ओल्या फडक्याने पुसलं, तरी फळा जुना, खडू मुरलेला. चार दिवस उन्हात 'भावपूर्ण' हा शब्द उमटून दिसत होता. नाव सांगत नाही. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, तेवढंच त्यांच्यासाठी माझ्या हातून झालं. तेव्हापासून बातमी दोन वेगवेगळ्या, जबाबदार ठिकाणी वाचल्याशिवाय आणि मध्ये एक रात्र गेल्याशिवाय खडू हातात घेत नाही.

नावापुढे 'कै.' का लावत नाही?

'कै.' म्हणजे कैलासवासी. बिल रसेलला न विचारता कैलासात कसा पाठवू? मुसलमान खेळाडू असेल तर 'पैगंबरवासी' लिहायची आपल्याकडे चांगली रीत आहे, पण ख्रिश्चन, नास्तिक, ज्याचं काहीच माहीत नाही असा, प्रत्येकाची चौकशी कुठे करणार? म्हणून सगळ्यांना 'दिवंगत'. आणि वाक्यात साधं 'गेला', 'गेली'. 'काळाच्या पडद्याआड' वगैरे चौकातल्या फ्लेक्सवाल्यांसाठी सोडून दिलं आहे.

पुण्यतिथी तारखेने पाळता की तिथीने?

तारखेने. आमच्या आईने एकदा विचारलं होतं, "त्यांची तिथी कुणी काढत नसेल तर सर्वपित्रीला त्यांच्या नावानं पान वाढूया काय?" मी हसलो. पण त्या वर्षी अमावास्येला कावळ्याच्या पानावर वड्यांची संख्या एकाने जास्त होती, हे मी मोजलं होतं.

वेळेचा घोटाळा मात्र होतो. अमेरिकेतली सकाळ म्हणजे आपली रात्र, त्यामुळे तिकडची तारीख धरायची की इकडची, यावरून वाद झाले आहेत. ज्या गावी माणूस गेला, त्या गावची तारीख धरायची असं ठरलं.

तुम्ही 'कोबी' ब्रायंट असंच का लिहिता? लोक हसतात.

हसू देत. उच्चार कोबी असाच आहे. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी म्हणाली, "आज काय, कोबीची पुण्यतिथी?" गंमत अशी की नावाचा उगम खाण्यातलाच आहे. त्याच्या आईवडिलांनी जपानमधल्या कोबी शहराच्या प्रसिद्ध बीफवरून ते ठेवलं होतं, आणि ते त्यांनी पाहिलं होतं हॉटेलच्या मेन्यूकार्डावर. मावशीला मी तेवढं सांगितलं नाही, तिचा उपवास होता.

२६ जानेवारीला संध्याकाळी मैदानावर मोठ्याने आकडे का मोजतात?

कोबी गेला तो दिवस २६ जानेवारी २०२०, रविवार. सकाळी आम्ही याच मैदानावर झेंडा लावला होता, पोरांना जिलेबी वाटली होती. कॅलिफोर्नियात पावणेदहाला, म्हणजे आपल्याकडे रात्री सव्वाअकराला, दाट धुक्यात त्याचं हेलिकॉप्टर कॅलाबाससच्या टेकडीवर आदळलं. आत नऊ जण होते. त्याची तेरा वर्षांची मुलगी जियाना होती, तिच्या संघातल्या आणखी दोन मुली होत्या. मुलींचा बास्केटबॉलचा सामना होता, तिकडे निघाले होते सगळे. आपल्याकडे बातमी पोचली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मी जागाच होतो, शेजारच्या खोलीत माझी मुलगी झोपली होती. तीही तेव्हा तेरा वर्षांचीच. उठून तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून आलो.

त्याच दिवशी अमेरिकेत सॅन अँटोनियो आणि टोरांटोचा सामना होता. बॉल हातात आला की चोवीस सेकंदांत रिंगकडे मारावा लागतो, नाहीतर तो प्रतिस्पर्ध्याला जातो. दोन्ही संघांनी आपापला पहिला चेंडू मुद्दाम धरून ठेवला आणि चोवीस सेकंद संपू दिले. कोबीचा नंबर २४. पुढच्या दिवसांत इतर संघांनीही तसं केलं, कुणी २४ सेकंद, कुणी ८, कारण आधी त्याचा नंबर ८ होता. लॉस एंजेलिस लेकर्सने त्याचे दोन्ही नंबर निवृत्त केले आहेत.

आमच्याकडे सेकंद दाखवणारं घड्याळ नाही. म्हणून आम्ही तोंडाने मोजतो. एक जण मधोमध बॉल दाबून उभा राहतो, बाकीचे मोजतात. निम्मे मराठीत, निम्मे कन्नडमध्ये. 'इप्पत्तनाल्कु' म्हणायला 'चोवीस'पेक्षा वेळ लागतो, त्यामुळे कन्नडवाली पोरं कायम अर्धा सेकंद मागे असतात.

पण कोबीवर बलात्काराचा आरोप होता ना? मग त्याचं नाव मुलांसमोर कशाला?

हा प्रश्न एका मुलीच्या वडिलांनी विचारला, आणि रास्त विचारला. २००३ मध्ये कोलोरॅडोतल्या हॉटेलमध्ये काम करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीने त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला होता. तिने साक्ष द्यायला नकार दिल्यावर २००४ मध्ये फौजदारी खटला मागे घेतला गेला. तिने दिवाणी दावाही लावला होता, तो पुढे आपसांत मिटला. कोबीने जाहीर माफी मागितली, त्या वेळी तिची संमती होती असं आपल्याला वाटलं होतं, पण तिला तसं वाटलं नव्हतं हे आता कळतं, असं त्यात होतं.

हे मी फळ्यावर लिहिलं आहे. पाच चषक, २००६ मध्ये टोरांटोविरुद्ध एका सामन्यात ८१ गुण, २०१६ मध्ये शेवटच्या सामन्यात ६० गुण, आणि त्याखाली हे. काहींनी "गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये" म्हणून नापसंती दाखवली. आपल्या घरांत भिंतीवर फोटो लागला की माणूस एकदम सोज्वळ होतो, काकूला आयुष्यभर छळलेले काकासुद्धा. फळ्यावर मला ते नको आहे. आणि ज्या मुली इथे खेळतात त्यांनी ती ओळ वाचून काय ठरवायचं, ते त्यांचं त्या ठरवतील.

चेंबरलेनने खरंच एका सामन्यात १०० गुण केले का? व्हिडिओ दाखवा.

व्हिडिओ नाही. २ मार्च १९६२, पेन्सिल्व्हेनियातलं हर्शी हे चॉकलेटच्या कारखान्याचं गाव, फिलाडेल्फिया वॉरियर्स विरुद्ध न्यूयॉर्क निक्स. टीव्हीवर प्रक्षेपण नव्हतं. प्रेक्षक ४,१२४. एवढी माणसं तर आपल्याकडे येळ्ळूरच्या कुस्तीच्या मैदानाला सहज असतात. सामना १६९-१४७ असा सुटला. चेंबरलेनच्या दोन-दोन गुणांच्या ३६ बास्केट आणि एकेका गुणाचे २८ फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे फटके). हिशेब करून बघा, बरोबर शंभर येतात. फ्री थ्रो त्या वर्षी तो दोन्ही हातांनी खालून, विहिरीत बादली सोडावी तसा टाकायचा. त्या दिवशी ३२ पैकी २८ गेले. पुढे ती पद्धत त्याने सोडली, कारण तसं टाकताना आपण बावळट दिसतो असं त्याला वाटायचं. आमच्या पोरांना मी हे दर वर्षी सांगतो, आणि दर वर्षी एकही पोरगं खालून टाकत नाही.

पुरावा म्हणून रेडिओवरच्या शेवटच्या भागाचं ध्वनिमुद्रण आहे, गुणपत्रक आहे, आणि सामन्यानंतरचा एक फोटो. खोलीत बसलेला चेंबरलेन, हातात कागद, कागदावर हाताने लिहिलेलं १००. आम्ही कुणाच्या वाढदिवसाला त्याचं वय कागदावर लिहून या फोटोची नक्कल करतो.

'जर्सी निवृत्त केली' म्हणजे काय?

तो नंबर त्या संघात पुन्हा कुणाला देत नाहीत. जर्सी स्टेडियमच्या छताला टांगतात.

बिल रसेलचं प्रकरण मात्र वेगळं आहे. ३१ जुलै २०२२ रोजी तो ८८व्या वर्षी गेला, आणि ऑगस्टमध्ये एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेने, त्याचा ६ नंबर सगळ्याच संघांतून निवृत्त केला. आधी कुणाला मिळाला असेल त्याने वापरावा, नवा कुणाला नाही. एका माणसासाठी एनबीएने हे पहिल्यांदाच केलं. बॉस्टन सेल्टिक्सकडून १३ हंगामांत ११ चषक, त्यातले शेवटचे दोन तर तो स्वतःच खेळाडू आणि स्वतःच प्रशिक्षक असताना. एनबीएतला तो पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक होता.

पण मी फळ्यावर लिहिली ती १९६१ची गोष्ट. केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये प्रदर्शनीय सामना होता. संघातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना हॉटेलच्या उपाहारगृहात खायला देईनात. रसेल आणि त्याचे सहकारी न खेळता विमानाने घरी परत गेले. ज्या शहरासाठी त्याने चषकांची रास लावली, त्याच भागात त्याच्या घरात घुसून लोकांनी नासधूस केली आणि घाण करून ठेवली. हे वाचून आमच्यातले एक सत्तरीचे गृहस्थ बराच वेळ फळ्यासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "आमच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आमच्या कपबश्या भाईर कोनाड्यात असायच्या. आपल्याच हातानं धुऊन परत ठेवायच्या." दुसऱ्या दिवशी खडूची अख्खी पेटी आणून दिली त्यांनी.

खेळता खेळता कुणी गेलं आहे का? आमचा मुलगा खेळतो म्हणून विचारते.

गेले आहेत. घाबरवण्यासाठी सांगत नाही.

पीट मॅराविच. लांबून टाकलेल्या बॉलला तीन गुण देणारी रेघ नव्हती त्या काळात कॉलेजमध्ये सामन्यामागे ४४ गुण काढणारा. दहा वर्षं व्यावसायिक खेळला. ५ जानेवारी १९८८ रोजी, निवृत्तीनंतर, कॅलिफोर्नियात हौसेचा सामना खेळताना कोसळला. वय ४०. नंतर कळलं की हृदयाला रक्त पुरवणारी डावी मुख्य धमनी त्याला जन्मापासूनच नव्हती. दुसरा रेजी लुइस, बॉस्टनचा कर्णधार. एप्रिल १९९३ मध्ये सामन्यात कोसळला, वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळं सांगितलं, आणि २७ जुलैला सराव करताना गेला. वय २७.

आम्ही यातून तीन गोष्टी उचलल्या. खेळताना चक्कर येऊन शुद्ध हरपली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून ईसीजी आणि गरज पडली तर इको, मग मैदान. 'उन्हानं झालं असेल' हे चालणार नाही. दुसरं, कुणी कोसळला, हाक मारून हलला नाही आणि नीट श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून जोरात, पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही, दमला की माणूस बदलायचा. पाणी पाजायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही. तिसरं, १०८ हा आकडा फळ्याच्या चौकटीवर ऑइलपेंटने लिहिला आहे. तेवढा एक पुसला जात नाही.

उंच माणसं लवकर मरतात का?

रसेल ८८, वेस्ट ८६, एल्जिन बेलर ८६. म्हणजे नियम नाही. पण २०१५ साली एकामागोमाग गेले ते आठवतं : जेरोम कर्सी ५२, अँथनी मेसन ४८, डॅरिल डॉकिन्स ५८, मोझेस मलोन ६०. हृदयाचंच दुखणं बहुतेकांचं. त्यानंतर तिथे निवृत्त खेळाडूंच्या हृदयाच्या तपासण्या वाढल्या, आणि २०१६ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने किमान तीन वर्षं खेळलेल्या निवृत्तांचा आरोग्यविमा स्वतःच्या पैशांतून भरायचं ठरवलं. आपल्याकडे जिल्हा पातळीवर गुडघे घालवलेल्यांना कोण विचारतं, हा वेगळा फळा होईल.

डॉकिन्सवरून आठवलं. त्याने १९७९ मध्ये डंक मारून, म्हणजे उडी घेऊन बॉल वरून रिंगमध्ये कोंबून, काचेचे दोन बोर्ड फोडले होते. आज मोठ्या मैदानांवर लटकलं की वाकून परत येणारी स्प्रिंगची रिंग असते, ती असल्या प्रतापांमुळे आली. आमच्या रिंगला स्प्रिंग नाही. कृपया लटकू नये.

एवढे पैसे मिळवून ही माणसं शेवटी काय करतात?

वेगवेगळं. नॅट क्लिफ्टन हा एनबीएत आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीयांपैकी एक, १९५०चा. पुढे शिकागोत बरीच वर्षं टॅक्सी चालवत होता, आणि १९९० मध्ये टॅक्सीतच गेला.

मनूत बोल सुदानचा, गुरं राखणाऱ्या डिंका जमातीतला, सात फूट सात इंच. त्याच्या कारकिर्दीत २,०८६ ब्लॉक आहेत आणि गुण फक्त १,५९९. म्हणजे स्वतः केलेल्या गुणांपेक्षा दुसऱ्यांचे अडवलेले फटके जास्त. मिळवलेलं बहुतेक सगळं त्याने यादवीत होरपळलेल्या आपल्या माणसांवर घालवलं. पैसे संपल्यावर मदतीसाठी लोकांना हसू येईल असले मुष्टियुद्धाचे तमाशेही केले. १९ जून २०१० रोजी गेला, वय ४७.

डिकेम्बे मुटोम्बो काँगोचा. फटका अडवला की तर्जनी हलवून 'नाही, नाही' करायचा, तो. त्याची आई आजारी पडली तेव्हा संचारबंदीमुळे तिला दवाखान्यात नेता आलं नाही आणि ती गेली. त्याने किन्शासात तिच्या नावाचं ३०० खाटांचं रुग्णालय उभारलं, २००७ मध्ये सुरू झालं. तो स्वतः ३० सप्टेंबर २०२४ रोजी मेंदूच्या कर्करोगाने गेला, ५८व्या वर्षी. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून आमच्याकडे खेळायला येणाऱ्या एका मुलाने हे दोनदा वाचलं. पावसाळ्यात त्याच्या गावाहून आजारी माणसाला खुर्चीला बांबू बांधून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं.

फळ्यावर बायकांची नावं का नसतात?

असतात, कमी असतात. अमेरिकेत बायकांची व्यावसायिक स्पर्धा नीट सुरू झाली तीच १९९७ मध्ये, त्यामुळे देवदयेने बहुतेक जणी हयात आहेत. किम पेरो मात्र दर ऑगस्टला असते. उंची पाच फूट पाच इंच. कुणी निवडली नव्हती, चाचणी देऊन ह्यूस्टन कॉमेट्समध्ये शिरली, १९९७ आणि १९९८ असे दोन चषक जिंकले. १९९९च्या फेब्रुवारीत फुप्फुसाचा कर्करोग निघाला, १९ ऑगस्टला गेली. वय ३२. काही दिवसांनी संघाने तिसरा चषक जिंकला, तेव्हा प्रेक्षक ओरडत होते, 'दहासाठी तिसरा'. तिचा नंबर दहा. आमच्याकडच्या बुटक्या पोरींमध्ये १० नंबरसाठी भांडणं होतात.

पावसाळ्यात काय करता?

बेळगावचा पाऊस कुणाला सांगायचा? ७ जूनला मृग निघतो आणि त्याच दिवशी द्राजेन पेत्रोविचची पुण्यतिथी असते. क्रोएशियाचा, नेमबाजासारखा फटका असलेला. युरोपातून येणारा खेळाडू एनबीएत टिकत नाही असं म्हणणाऱ्यांची तोंडं त्याने बंद केली. १९९३ मध्ये जर्मनीत पावसाने निसरड्या झालेल्या महामार्गावर मोटार अपघातात गेला, वय २८. त्याचा मजकूर सकाळी लिहावा आणि दुपारच्या वळवाने धुऊन न्यावा, असं सलग तीन वर्षं झालं. आता प्लास्टिकचा कागद खिळ्यांनी मारतो. तरी खालून ओल चढतेच, आणि पहिल्यांदा 'विच' जातं.

भारतातलं कुणी नाही का?

आपल्याकडे 'व्यावसायिक' या शब्दाचीच पंचाईत आहे. आपले खेळाडू सैन्यात, रेल्वेत, पोलिसांत नोकरीला असायचे आणि खेळायचे. पगार हवालदाराचा, खेळ देशाचा. मी त्यांना व्यावसायिकच धरतो. सैन्यातून पुढे आलेले आणि १९६७ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळालेले खुशी राम फळ्यावर येऊन गेले आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमुळे इथे निवृत्त जवान पुष्कळ, आणि त्यांच्यातल्या बास्केटबॉल खेळलेल्यांकडे सैन्यदलाच्या जुन्या संघांच्या अशा आठवणी आहेत की मी वही घेऊन बसतो. भारताचा संघ ऑलिंपिकमध्ये एकदाच खेळला, १९८० मध्ये मॉस्कोला. आणि हो, सतनामसिंग, २०१५ मध्ये एनबीएने निवडलेला पहिला भारतीय, हयात आहे. त्याच्याबद्दल मला कुणी फोटो पाठवू नये.

फक्त मराठीतच का लिहिता?

नाही लिहीत. वर मी मराठीत लिहितो, खाली माझा मित्र कन्नडमध्ये लिहितो. त्याचं अक्षर गोल, सुंदर, माझं कोंबडीच्या पायाचं. पहिल्या वर्षी दोघांनी शीर्षक आपापलं लिहिलं. माझं 'पुण्यस्मरण', त्याचं 'पुण्यस्मरणे'. एका मात्रेचा फरक. माझ्या शब्दात ती मात्रा नाही ही माझी चूक समजून एका शिक्षिकेने ती दुरुस्त करायला सांगितली होती.

मजकुरात चूक दिसली तर?

फळ्याखाली डब्यात फडकं आणि खडू आहे. पुसा, बरोबर ते लिहा, आणि कुठे वाचलं ते मला सांगा. मागच्या वर्षी सातवीतल्या मुलीने चेंबरलेनच्या जन्मसालातला माझा ८ पुसून ६ केला होता. १९३६ बरोबर, मी ३८ लिहून बसलो होतो. तिने फडकं शोधलं नाही, थुंकी लावून अंगठ्यानेच पुसलं होतं, आणि त्या ६च्या भोवती अंगठ्याची पांढरी गोल खूण होती. फेब्रुवारीत रसेलच्या जयंतीपर्यंत मी ती तशीच ठेवली.